अनिर्णयाचे बिल

चित्रपटाचे किंवा व्हिडिओचे संकलन करणाऱ्या तरुणाला हल्ली चहूकडून एकच सल्ला मिळतो : नोकरी सोड, फ्रीलान्स हो. हा सल्ला देणारी माणसे काही मूर्ख नाहीत, तेव्हा त्यांचा पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. ते म्हणतात, संकलक स्टुडिओला बांधलेला होता, कारण यंत्र स्टुडिओचे होते. मूव्हिओला असो, स्टीनबेकचे टेबल असो की १९८९ मध्ये आलेले अ‍ॅव्हिड असो, एकट्यादुकट्याने विकत घ्यावे असे त्यातले काहीच नव्हते. १९९९ मध्ये अ‍ॅपलने फायनल कट प्रो आणले आणि संकलन टेबलावरच्या संगणकात मावले. आज दा विंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती चक्क फुकट मिळते. ज्या यंत्रासाठी नोकरी करायची ते यंत्रच घरी आले, मग साहेबाची हांजी हांजी कशाला? दुसरा मुद्दा कलेचा. नोकरीत कुणीतरी ठरवलेले काम गुमान करायचे, बाहेर मनाजोगते काम निवडता येते. तिसरा मुद्दा हिशेबाचा : महिन्याच्या पगाराला तीसने भागा, येणारा आकडा बाजारातल्या एका शिफ्टच्या दराशेजारी ठेवा, आणि मग सांगा.

तिन्ही मुद्दे एकाच गृहीतकावर उभे आहेत. संकलक परतंत्र होता तो यंत्रापायी, हे ते गृहीतक. त्याला आपल्याच चित्रपटसृष्टीचा इतिहास आधार देत नाही.

प्रभात, बॉम्बे टॉकीज, कलकत्त्याचे न्यू थिएटर्स यांच्या काळात नटनट्यांपासून सुतारापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नवा पैसा शिरला, एकेका चित्रपटापुरते निर्माते उगवले, आणि नट-नट्या पगार सोडून चित्रपटागणिक करार करू लागल्या. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला, तेव्हा स्टुडिओव्यवस्था मोडकळीला आलेली होती. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली, पाठोपाठ बॉम्बे टॉकीजही. त्यानंतरचा मुंबईचा हिंदी-मराठी चित्रपटांचा संकलक बहुतांशी चित्रपटागणिक कामच करत आला. यंत्र त्याचे नव्हते. संकलनाची खोली निर्माता भाड्याने घेई आणि संकलक तिथे जाऊन बसे. म्हणजे लॅपटॉप जन्माला येण्यापूर्वी दोन पिढ्या आपला संकलक फ्रीलान्सच होता, आणि तेही एक साधा स्प्लायसर स्वतःच्या मालकीचा नसताना! मग यंत्र घरी आल्याने नेमके काय बदलले?

बदलले ते असे की कट करून पाहण्याचा आणि तो पुन्हा मोडण्याचा खर्च दिसेनासा झाला. माझ्या मते या साऱ्या वादाचे मर्म इथे आहे, आणि सल्ला देणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलेलेच नाही.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी असतात आणि मिनिटाला नव्वद फूट फिल्म धावते. संकलक काम करी तो वर्क प्रिंटवर. जुन्या पद्धतीत सिमेंटने सांधा जोडायचा तर टोकाची चौकट खरवडावी लागे. तो सांधा सोडून पूर्वीचा जुळवायचा म्हटले की एखादी चौकट कायमची जाई, तिच्या जागी काळी फिल्म भरावी लागे. पुढे चिकटपट्टीचे सांधे आले आणि चौकट वाचली. खटाटोप मात्र तसाच राहिला : ट्रिमच्या डब्यातून तुकडा हुडकायचा, ध्वनीची मॅग्नेटिक पट्टी त्याच मापाने कापायची, जोडायचे, यंत्रावर चढवायचे, मग पाहायचे. दिग्दर्शकाने ‘तो शॉट आधी घेऊन बघू’ म्हटले की अर्धा तास गेला. हा अर्धा तास त्याच्या डोळ्यांदेखत जाई, आणि खोलीचे भाडे निर्मात्याच्या खात्यावर चढे. त्यामुळे दिग्दर्शक बोलण्याआधी विचार करी. चंचल दिग्दर्शक तेव्हाही होतेच, पण त्यांच्या चंचलपणाचे पैसे ते स्वतः किंवा त्यांचा निर्माता मोजत असे.

संगणकावर तोच बदल सांगणाऱ्याला फुकट पडतो. त्याला एक ओळ लिहायची असते : दोन मिनिटे चौदा सेकंदांवर जरा फास्ट करा. करणाऱ्याला तो फुकट पडत नाही. दृश्य आखडले की खालचे संगीत सरकते, संगीत सरकले की पुढच्या दृश्याची सुरुवात लंगडी पडते, ती सावरायची, पुन्हा एक्सपोर्ट लावायचा, अपलोड करायचा, उत्तराची वाट पाहायची. नोकरीत हे तास मालकाचे असतात. शिफ्टवर काम असेल तर शिफ्टचे पैसे देणाऱ्याचे असतात. लमसम रक्कम ठरवून घरी काम घेतले, आणि नव्या फ्रीलान्सरला बहुधा असेच काम मिळते, तर ते तास संकलकाच्या खिशातून जातात. समोरच्या माणसाला काय हवे आहे हे त्यालाच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसण्याचे बिल संकलक भरतो. पूर्वीचा फ्रीलान्स आणि आजचा फ्रीलान्स यांत खरा फरक हा आहे. यंत्राबरोबर यंत्राचा मीटरही आपल्या घरी आला, हे उत्साहाच्या भरात कुणाच्या लक्षात आले नाही.

हिशेबाच्या मुद्द्याकडे आता पाहता येईल. समजा, एका पोस्ट-प्रॉडक्शन कंपनीत ४५,००० रुपये पगार आहे. बाहेर वीस मिनिटांच्या माहितीपटाचे ६०,००० रुपये ठरले. काम तीन आठवड्यांचे वाटते, म्हणजे फायदा उघडच दिसतो. अठराव्या दिवशी पहिला कट गेला आणि दिग्दर्शकाला आवडला. निर्मात्याला तो पाहायला सवड मिळाली आठ दिवसांनी. मग ज्या संस्थेने पैसे दिले तिथल्या तिघांनी तीन मते दिली, त्यांतली दोन एकमेकांच्या विरुद्ध. एक मुलाखत पुन्हा चित्रित झाली, तिच्या रशेस उशिरा आल्या, ती आधीच्या बांधणीत बसेना. शेवटी इंग्रजी उपशीर्षके हवीत असे ठरले. चार महिने गेले, त्यांत खरे हाताचे काम दहा आठवड्यांचे झाले. साठ हजारांना दहाने भागले तर आठवड्याला सहा हजार. पगार आठवड्याला दहा हजारांच्या वर पडत होता, शिवाय भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा, वीज आणि हार्ड डिस्क कंपनीची. हे उदाहरण कल्पित आहे, पण या धंद्यातल्या कुणालाही वाचून दाखवा, तो ‘चारच महिने?’ असे विचारील.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, करारात करेक्शनची संख्या लिहा. तीन फेऱ्या फुकट, पुढच्या प्रत्येकीचे पैसे. सल्ला ठीक आहे, परंतु फेरी म्हणजे काय हे कोण ठरवणार? नावातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे हीही एक फेरी, आणि ‘एकूण फील थोडा उबदार हवा’ हीही एकच फेरी. पहिलीला पाच मिनिटे लागतात, दुसरीला आठवडा. मोजायचे असतील तर दिवस मोजावे लागतील, फेऱ्या नव्हेत. दिवसाचा दर मागण्याइतकी पत नव्या माणसाजवळ नसते.

कायदा आता फ्रीलान्सरच्या पाठीशी आहे, असेही सांगितले जाते. थोडा आहे. आयकर नियमांनी ज्यांना चित्रपट कलावंत मानले त्यांच्या यादीत नट आणि दिग्दर्शकाच्या बरोबरीने संकलकही आहे, त्यामुळे ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मी जमा उत्पन्न धरून कर भरण्याची सोय त्याला मिळते. कथापटांच्या कामगारांसाठी १९८१ मध्ये झालेल्या कायद्याने लेखी कराराशिवाय कामाला ठेवण्यास मनाई केली होती, तीही एका मोबदल्याच्या मर्यादेखाली. जाहिरातवाले आणि कंपन्यांच्या फिल्मा करणारे त्याच्या बाहेरच. सर्वांत उपयोगी पडावा असा कायदा म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, २००६ चा. उद्यम नोंदणी केलेल्या संकलकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेली अशी रक्कम देणाऱ्याला, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, करासाठी खर्च म्हणूनही दाखवता येत नाही. त्यामुळे थकलेल्या बिलाबद्दल निर्मात्याआधी त्याचा चार्टर्ड अकाउंटंटच विचारू लागला, असे झाले तर नवल नाही.

पण हाच कायदा बारकाईने वाचा. मुदत मोजायची ती काम स्वीकारल्या दिवसापासून. काम हाती आल्यावर पंधरा दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल तो दिवस स्वीकाराचा दिवस ठरतो. गव्हाच्या पोत्याला आणि नटबोल्टाला हे कलम चपखल बसते, कारण पोते कुजके आहे की नाही हे पाहून सांगता येते. संकलनात प्रत्येक करेक्शनचा मेल ही लेखी हरकतच म्हणून पुढे करता येते. घड्याळ सुरू होण्याआधीच थांबते. कायदा ठरलेली रक्कम वसूल करायला मदत करील. त्या रकमेत किती काम कोंबले जाईल यावर त्याच्याकडे उत्तर नाही.

आणि ती रक्कम म्हणजे संकलकाला मिळणारे सर्वस्व असते, हेही विसरता कामा नये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि लेखकांना स्वामित्वधनाचा वाटा राखून दिला. संकलक त्यात कुठेच नाही. ‘शोले’ला फिल्मफेअरचा एकुलता एक पुरस्कार मिळाला तो संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. तो चित्रपट पुढे दशकानुदशके चालत राहिला, पण त्या कमाईवर संकलक म्हणून कायद्याने त्यांचा पैशाचाही हक्क नव्हता. पुढे काहीच येणार नसेल, तर आज ठरवलेला आकडा किती दिवसांसाठी आहे हा प्रश्न आणखीच मोठा होतो.

कलेच्या स्वातंत्र्याचा मुद्दा थोडक्यात निकालात काढतो, कारण तो ऐकायला गोड आणि आतून पोकळ आहे. रोजच्या मालिकेचे किंवा बातम्यांचे संकलन हे गुलामीचे शेवटचे टोक, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात संध्याकाळी चित्रित झालेला भाग दुसऱ्या दिवशी प्रसारित व्हायचा असेल, तर संकलकाच्या मानेवर बसून मते द्यायला कुणाला वेळच नसतो. कोणता टेक, कुणाचा क्लोजअप, कुठे श्वास घ्यायचा, हे तो एकटा ठरवतो आणि ते तसेच्या तसे लाखो लोक पाहतात. घरी बसून जाहिरात कापणाऱ्या स्वतंत्र कलावंताला मात्र दिग्दर्शक, निर्माता, एजन्सी, ग्राहक आणि ग्राहकाचा वरिष्ठ असे पाच साहेब असतात. नोकरीत साहेब निदान एकच होता.

यूट्यूबवाल्यांचा दाखला अलीकडे हमखास दिला जातो. सातारा-नाशकात बसून मुंबईच्या किंवा परदेशातल्या चॅनेलचे व्हिडिओ कापणारी पोरे चांगले कमावतात, हे खरेच आहे, आणि त्याचे मला कौतुक आहे. पण एकाच चॅनेलकडून दरमहा ठरावीक रक्कम, ठरावीक व्हिडिओ, रात्री अकराला मेसेज आला की हजर, हा प्रकार नोकरीचाच. फरक एवढाच की करकपात होऊन पैसे येतात आणि भविष्यनिर्वाह निधी येत नाही. याला स्वातंत्र्य म्हणण्याची घाई मालकाला असते, हे समजण्यासारखे आहे. संकलकाला ती का असावी?

आता मंडन. फ्रीलान्स होऊच नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपले उत्तमोत्तम संकलक फ्रीलान्सच होते. ते तसे झाले कसे, हे पाहिले की यंत्राचे महत्त्व आपोआप उतरते. गोव्याहून आलेले वामन भोसले १९५२ मध्ये बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली लागले, नंतर फिल्मिस्तानमध्ये बारा वर्षे साहाय्यक होते, आणि राज खोसलांच्या ‘दो रास्ते’पासून, १९६९ मध्ये, स्वतंत्रपणे उभे राहिले. पुढे गुरुदत्त शिराळींबरोबरची त्यांची जोडी गाजली. राष्ट्रीय पुरस्कारांत संकलनासाठी वेगळा पुरस्कार देणे सुरू झाले तेव्हा पहिला मान ‘इन्कार’साठी त्यांनाच मिळाला. हृषीकेश मुखर्जी न्यू थिएटर्सच्या संकलन विभागात तयार झाले आणि बिमल रॉय यांच्या मंडळींबरोबर मुंबईत आले; ‘दो बिघा जमीन’ आणि ‘मधुमती’ त्यांनी कापले. रेणू सलुजा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडल्या त्या सईद मिर्झा, कुंदन शाह, विधू विनोद चोप्रा यांच्या काळात, आणि त्यांचे पहिले महत्त्वाचे काम, ‘अल्बर्ट पिंटो’ काय, ‘जाने भी दो यारों’ काय, याच वर्तुळातले.

तिघांचे मार्ग वेगळे : एकाची स्टुडिओतली उमेदवारी, दुसऱ्याची एका दिग्दर्शकाच्या संचातली जागा, तिसरीची संस्थेतली सोबत. यांतल्या कुणीही शोरील, म्हणजे निवडक कामाची फीत, दाखवून काम मिळवले नाही. शोरील हा संकलनापुरता फसवाच पुरावा आहे. छायालेखकाचे काम एका मिनिटात दिसते. संकलकाने काय काढून टाकले, दोन तासांच्या रशेसमधून हाच टेक का उचलला, हे शोरीलमध्ये दिसणार कसे? ते एकालाच ठाऊक असते, जो शेजारी बसला होता त्याला. म्हणून संकलकाची पत शेजारी बसलेल्या माणसांतूनच पसरते, आणि दिवसाचा दर मागण्याचे बळ त्या पतीतून येते.

शेजारी बसण्याची जागा नोकरीत मिळते, हेच नोकरीचे खरे मोल. साहाय्यक म्हणून ध्वनी सिंक करताना, रशेसची लाइनअप लावताना, डीआयसाठी, म्हणजे रंगसंस्करणासाठी, फाइली तयार करताना मागच्या खुर्चीत बसून बोलणे कानावर पडत असते. दिग्दर्शक ‘हा सीन लांबला’ म्हणाला, आणि मुख्य संकलकाने त्या सीनला हातही न लावता आधीच्या सीनमधली दोन वाक्ये काढली, तर सीन छोटा का वाटू लागला? हे कोणत्याही ट्यूटोरियलमध्ये नसते, कारण ट्यूटोरियलला समोर तक्रार करणारा माणूस नसतो. तक्रारीचा अर्थ लावणे ही संकलकाची विद्या आहे. ‘फास्ट करा’ म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा वेग नको असतो, त्याला कुठेतरी कंटाळा आलेला असतो आणि तो कुठे आला हे त्याला सांगता येत नसते. ज्याने ही विद्या घेतली त्याला दहा आठवड्यांचे काम चार आठवड्यांत संपवता येते, कारण तो करेक्शन शब्दशः करत बसत नाही. अनिर्णयाचे बिल कमी करण्याचा मला ठाऊक असलेला खात्रीचा उपाय एवढाच. बाविसाव्या वर्षी घरच्या खोलीत एकट्याने काम सुरू करणारा नेमकी तीच विद्या गमावतो, जिच्या जोरावर त्याला पुढे एकट्याने काम करता आले असते.

मग नोकरी सोडावी कधी? सॉफ्टवेअर किती येते यावर हे ठरवू नये, किती पैसे साठले यावरही पूर्णपणे ठरवू नये, जरी सहा महिन्यांचा घरखर्च गाठीला असणे बरे. फोन कुणाला येतो ते पाहावे. कंपनीचे ग्राहक कंपनीला फोन करतात तोवर पगार घ्यावा. दोन-तीन दिग्दर्शक ‘तिथे कोण आहे?’ असे न विचारता ‘तू मोकळा आहेस का?’ असे विचारू लागले की वेळ झाली. अशा दिग्दर्शकापुढे शिफ्टचा दर मांडता येतो. लमसमच ठरायचे असेल तर दिवसांची मर्यादा, तिच्यापुढे रोजाचा दर, रफ कटला एक हप्ता, पिक्चर लॉकला, म्हणजे कट कायम ठरल्यावर, दुसरा, आणि शेवटची उत्तम प्रतीची फाइल बाकी चुकती झाल्यावर, अशा अटी घालता येतात. प्रोजेक्ट फाइल कुणाची हेही तिथेच लिहावे, कारण चित्रपट निर्मात्याचा असला तरी ती फाइल ताब्यात मागण्यावरून नंतर भांडणे होतात.

आणि एक कलम माझ्या मते पैशांच्या कलमाच्याही वर हवे : अंतिम होकार देणाऱ्या एका माणसाचे नाव. कंपनीचे नाही, समितीचे नाही, एका माणसाचे. हरकती येतील त्या त्याच्यामार्फत, आणि त्याने पिक्चर लॉक म्हटले की काम स्वीकारले असे दोन्ही बाजूंनी धरायचे. बहुतेक जागी हे नाव लिहायला समोरची मंडळी जरा घुटमळतात, एकमेकांकडे पाहतात. ती घुटमळ किती वेळ चालते त्यावरून मी कामाचे दिवस धरतो, आणि आकडा नंतर सांगतो.